जुन्या कॉम्प्युटरवर कोणतं लिनक्स टाकावं?

एका शाळेतल्या शिक्षकांचा प्रश्न आहे. लॅबमध्ये जी३१ चिपसेटच्या जुन्या मदरबोर्डचे, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचे काही डेस्कटॉप आहेत, प्रत्येकात २ जीबी रॅम. एक लॅपटॉप दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचा, ४ जीबी रॅमचा. आणि कुणीतरी शाळेला भेट दिलेला, दहा इंची पडद्याचा एक छोटा नेटबुक, अ‍ॅटम एन२७० आणि १ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ यांतल्या एकाही मशीनला अधिकृतपणे चालत नाही. मुलांना इंटरनेट दाखवायचंय, मराठी टायपिंग शिकवायचंय, शाळेची ऑनलाइन माहिती भरायची आहे. "सगळ्यांवर चालेल असं सर्वांत हलकं लिनक्स कोणतं?"

सर, सगळ्यांवर एकच टाकायचा आग्रह सोडा आणि "सर्वांत हलकं" हा निकषही थोडा बाजूला ठेवा. जुन्या मशीनवर आज सगळ्यात जड काम करतो तो ब्राउझर. ऑपरेटिंग सिस्टिमचा नंबर त्याच्यानंतर लागतो.

हिशोब करून बघा. अँटिएक्स हे अगदी हलकं लिनक्स चालू होऊन नुसतं बसलं की साधारण २०० एमबीच्या आसपास रॅम घेतं. डेबियन या लिनक्सवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप (म्हणजे पडद्यावरचा मेनू-खिडक्यांचा भाग) असेल तर ५०० ते ७०० एमबी. लिनक्स मिंटची सिनॅमन या जड डेस्कटॉपची आवृत्ती १ जीबीच्या आसपास जाते. यूट्यूबवर तुलना दाखवणारे हेच आकडे शेजारी शेजारी मांडतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. पण त्यानंतर तुम्ही फायरफॉक्स उघडता, एका टॅबमध्ये जीमेल, दुसऱ्यात यूट्यूब, तिसऱ्यात एखादं सरकारी पोर्टल. एवढ्यात एक-दीड जीबी सहज जाते, आणि ती अँटिएक्सवरही तितकीच जाते. म्हणजे २ जीबीच्या मशीनवर हलक्या डेस्कटॉपने वाचवलेले ४०० एमबी खरोखर कामाला येतात, १ जीबीच्या मशीनवर काहीही केलं तरी आजचं इंटरनेट रडतखडतच चालतं, आणि ४ जीबीच्या पुढे कोणतं लिनक्स घेतलं याने वेगात फारसा फरक पडत नाही. म्हणून विचारायचं ते असं: या मशीनवर सुरक्षा अपडेट मिळणारा ब्राउझर अजून किती वर्षं चालेल, आणि तो नीट चालावा म्हणून मशीनमध्ये काय घालता येईल?

यात पहिली रेघ ओढली जाते ती ३२-बिट आणि ६४-बिट अशी, म्हणजे प्रोसेसरची जुनी आणि नवी धाटणी. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. मोझिलाने फायरफॉक्स १४४ नंतर ३२-बिट लिनक्ससाठी नवी आवृत्ती काढणं थांबवलं. उबंटू आणि मिंटची मुख्य आवृत्ती तर कधीच ६४-बिटवर गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, नाही. तुमचे कोअर टू ड्युओ ६४-बिट आहेत, आय-थ्री आहेच. एन२७० मात्र निव्वळ ३२-बिट. त्याचा मार्ग वेगळा, तो पुढे सांगतो.

अजूनही बरेच जण सल्ला देतात की रॅम २ जीबी असेल तर प्रोसेसर ६४-बिट असला तरी ३२-बिट सिस्टिम टाका, ती कमी रॅम खाते. ती थोडी कमी खाते हे खरं आहे. तरीही आज तसं करू नका. शे-दोनशे एमबीसाठी तुम्ही अपडेट बंद होत चाललेल्या बाजूला जाऊन बसता.

आता काहीही इन्स्टॉल करण्याआधी मशीन तपासा. एका १६ किंवा ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय नावाचा प्रोग्राम टाका. त्यावर हव्या तेवढ्या आयएसओ फाइल (एकेका लिनक्सची इन्स्टॉलची फाइल) नुसत्या कॉपी केल्या की चालू करताना यादी येते आणि हवं ते लिनक्स निवडता येतं. बूट मेनूसाठी, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालू करायची निवड येण्यासाठी, डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवताना, हार्ड डिस्कला हात न लावता सगळं बघता येतं: वायफाय दिसतं का, आवाज येतो का, प्रोजेक्टर लागतो का, लॅपटॉप झाकून उघडल्यावर जागा होतो का. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना वेगळं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट लगेच मिळतं आणि त्यावरून ते फर्मवेअर उतरवता येतं.

लाइव्ह मोडमध्येच 'डिस्क्स' नावाचा प्रोग्राम मिळाला तर तो उघडा, हार्ड डिस्क निवडा आणि स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद, बघा. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या दोन ओळी महत्त्वाच्या. दोन्हींपुढे शून्य असेल तर डिस्क ठीक. पेंडिंगपुढे आकडा असेल आणि तो वाढत असेल तर डिस्क जाणार हे नक्की, तिच्यावर कोणतंही लिनक्स टाकून उपयोग नाही. "लिनक्स टाकलं तरी हँग होतंय" अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांच्या मशीनमध्ये मला हीच दोन ओळींची गोष्ट वारंवार दिसते.

आणखी एक छोटी गोष्ट, जी सगळ्यांना छळते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. मशीनची वीज गेली की तारीख मागे, बोर्डच्या जन्माच्या काळात जाते. मग ब्राउझर प्रत्येक साइटवर "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो, लिनक्सचं अपडेटही अडतं, आणि लोकांना वाटतं सिस्टिम बिघडली. सगळ्या डेस्कटॉपचे सेल आधीच बदलून टाका. घड्याळाच्या दुकानातही मिळतात.

आता खर्चाचं. तुमच्याकडे थोडेच पैसे असतील तर ते एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर, घाला. जी३१ बोर्डवरचा साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) जुना, अर्ध्या वेगाचा आहे, तरीही साध्या १२० किंवा २४० जीबीच्या एसएसडीने मशीन ओळखू येणार नाही इतका फरक पडतो. कारण फिरत्या डिस्कचा हेड इकडून तिकडे जाण्यात जो वेळ जातो तोच सगळा वाचतो. रॅम कमी पडून स्वॅप, म्हणजे डिस्कचाच काही भाग रॅमसारखा, वापरायची वेळ आली तर हा फरक आणखी जाणवतो: हार्ड डिस्कवरच्या स्वॅपने मशीन मिनिटभर गोठतं, एसएसडीवर क्षणभर अडखळतं आणि पुढे जातं. यात एक सोयही आहे. जुनी हार्ड डिस्क काढून तशीच नाव लिहून कपाटात ठेवा. तिच्यावरचं विंडोज, जुने निकाल, फोटो, सगळं जिथल्या तिथे राहतं. लिनक्स नाही जमलं तर ती परत लावली की झालं. एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम बसवायची कसरत या मशीनवर करू नका.

रॅमचं बघताना केबिनेट उघडून पट्ट्या मोजा. जी३१ चिपसेट जास्तीत जास्त ४ जीबी रॅम घेतो, आणि बोर्डवर बहुधा दोनच स्लॉट असतात. २ जीबीची एकच डीडीआर२ पट्टी लावलेली असेल तर दोन मशीनच्या पट्ट्या एका मशीनमध्ये घाला आणि दुसरं मशीन सुट्या भागांसाठी ठेवा. १ जीबीच्या दोन असतील तर ही युक्ती चालणार नाही, २ जीबीच्या पट्ट्या शोधाव्या लागतील, त्या आता जुन्या मालाच्या दुकानातच मिळतात. माझं स्पष्ट मत आहे की २ जीबीच्या आठ रडणाऱ्या मशीनपेक्षा ४ जीबीची चार चालणारी मशीन लॅबला जास्त उपयोगी. एका मशीनवर दोन मुलं बसली तर शिकतात, दहा मिनिटं पान उघडण्याची वाट बघणारी मुलं शिकत नाहीत. आय-थ्रीच्या लॅपटॉपला डीडीआर३ लागते. डीडीआर३एल लिहिलेली पट्टीही त्यात सहसा चालते, मात्र उलटं चालत नाही. आणखी ४ जीबी घालून तो ८ जीबीचा केला तर पुढची काही वर्षं त्याच्याकडे बघायला नको.

आता नावं.

लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ मालिकेतली एक्सएफसीई आवृत्ती टाका. मुळात उबंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मिंट सुचवण्याचं खास कारण म्हणजे उबंटू कुटुंबात फायरफॉक्स स्नॅप नावाच्या वेगळ्या पॅकेजच्या स्वरूपात येतो, जुन्या मशीनवर तो पहिल्यांदा उघडायला खूप वेळ घेतो. लुबंटू स्वतः छान हलकं आहे, पण तिथेही हीच अडचण. मिंटमध्ये फायरफॉक्स नेहमीच्या पॅकेजमधून येतो. शिवाय विंडोज वापरलेल्या माणसाला मिंटमध्ये खाली पट्टी, डावीकडे मेनू, अपडेटचं चिन्ह उजवीकडे, सगळं हाताला लागतं. शाळेत तुमच्यानंतर कोण ते सांभाळणार हे माहीत नसतं, म्हणून हे महत्त्वाचं.

डेस्कटॉप ४ जीबीचे झाले तर डेबियन १३, एक्सएफसीई निवडून. डेबियनची एक आवृत्ती, दीर्घकालीन सपोर्ट धरून, पाच वर्षं टिकते, म्हणजे ही २०३० पर्यंत. मधे काहीही नाट्यमय बदलत नाही, लॅबसाठी हाच मोठा गुण. इन्स्टॉल झाल्यावर विंडो मॅनेजरच्या जादा सेटिंगमध्ये जाऊन 'कंपोझिटिंग' बंद करा. या बोर्डांवरच्या इंटेल ग्राफिक्सला सावल्या आणि पारदर्शकता झेपत नाही, बंद केल्यावर खिडक्या ओढताना जाणवतं. जे डेस्कटॉप २ जीबीवरच राहतील त्यांच्यावर डेबियनच, पण एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपसह, किंवा ६४-बिट अँटिएक्स.

त्या २ जीबीच्या मशीनवर झेड-रॅम नक्की चालू करा. रॅमचाच एक भाग दाबून बसवलेल्या स्वॅपसारखा वापरला जातो आणि २ जीबीत बरंच जास्त मावतं. डेबियनमध्ये 'झेडरॅम-टूल्स' नावाचं पॅकेज आहे. त्याच्या सेटिंगमध्ये रॅमचे ५० टक्के द्या आणि दाबण्याची पद्धत एलझेड४ ठेवा, ती कोअर टू ड्युओला हलकी जाते. आणि प्रत्येक मशीनच्या फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बसवा. बातम्यांच्या साइटवर मजकुरापेक्षा जाहिरातींचा कोड कितीतरी जास्त असतो, तो अडवला की जुन्या प्रोसेसरला श्वास घेता येतो. माझ्या अनुभवात डेस्कटॉप बदलून जेवढा फरक पडतो त्याहून जास्त या एका गोष्टीने पडतो.

यूट्यूब अडखळण्याचं कारण वेगळं आहे. यूट्यूब शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या स्वरूपात व्हिडिओ पाठवतं. तुमच्या आय-थ्रीच्या ग्राफिक्समध्ये एच.२६४ हे जुनं स्वरूप उलगडायची सोय आहे, या नव्या स्वरूपांची नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. 'एच२६४इफाय' नावाचं एक छोटं एक्स्टेन्शन यूट्यूबला जुन्या स्वरूपात पाठवायला लावतं. कोअर टू ड्युओवर ते लावून शिवाय ४८०पी वर थांबा, प्रोजेक्टरवर वर्गाला पुरेसं दिसतं.

पपी लिनक्सचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. पूर्ण रॅममध्ये चढून चालतं आणि खूप चपळ आहे. बिघडलेल्या मशीनमधून फाइल बाहेर काढायला मी तेच वापरतो. पण त्यात मुळात सगळं काम रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणूनच चालतं, आणि जपून ठेवण्याची पद्धत वेगळी असल्याने मुलांच्या लॅबसाठी मी ते सुचवणार नाही. गूगलच्या क्रोमओएस फ्लेक्स या सिस्टिमला किमान ४ जीबी रॅम लागते आणि २०१० आधीच्या मशीनवर त्याच्या नादी लागू नये.

आता तो नेटबुक. त्यावर अँटिएक्स २३ ची ३२-बिट आवृत्ती टाका. ती डेबियन १२ वर आधारलेली आहे, आणि डेबियन १२ ला दीर्घकालीन सपोर्ट जून २०२८ पर्यंत आहे. बोर्ड जास्तीत जास्त २ जीबी घेतो, पट्टी मिळाली तर घाला. पडदा १०२४ बाय ६०० आहे, त्यामुळे काही खिडक्यांची 'ओके' आणि 'कॅन्सल' ही बटणं पडद्याच्या खाली जातात. ऑल्ट दाबून धरा आणि माउसने खिडकी वर ओढा, खालचा भाग दिसतो. हे माहीत नसल्याने लोक इन्स्टॉलरच्या मध्यावरच अडकतात.

या नेटबुकवर यूट्यूब आणि जीमेलची अपेक्षा ठेवू नका. तो चांगला चालेल ते टायपिंगला, टक्स पेंट या चित्रं काढायच्या प्रोग्रामला, आणि किविक्सला. किविक्सवर मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो आणि इंटरनेटशिवाय वाचता येतो. मी तर म्हणेन, ही फाइल आय-थ्रीच्या लॅपटॉपवर ठेवा, त्यावर किविक्सचा सर्व्हर चालू करा आणि लॅबमधल्या सगळ्या मशीनना स्थानिक नेटवर्कवरून तो उघडू द्या. पानं साधी असतात, नेटबुकही झटपट दाखवतो. गावात नेट गेलेलं असतानाही तास घेता येतो.

मराठी टायपिंगसाठी जुन्या मशीनवर आयबस वगैरे टायपिंगचे वेगळे प्रोग्राम बसवण्याची गरज नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'इंडियन' हा लेआउट जोडला की तो इनस्क्रिप्टच (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) असतो, आणि ज्यांना उच्चारानुसार लिहायचंय त्यांच्यासाठी 'मराठी कगप' हाही तयार लेआउट आहे. मागे वेगळा प्रोग्राम चालत नाही, रॅम लागत नाही. मुलांना इनस्क्रिप्टच शिकवा. एन दाबलं की ल, शिफ्टसह ळ. जे दाबलं की र, शिफ्टसह ऱ. हा ऱ आणि त्यापुढे हलंत दिला की 'सुऱ्या', 'दऱ्या' मधला र नीट उमटतो. 'सूर्य' मधल्या रफारासाठी साधा र आणि हलंत. हे एका तासात समजतं आणि आयुष्यभर पुरतं. फाँट म्हणून नोटो किंवा लोहित देवनागरी पॅकेजमधून टाका. लिब्रेऑफिसचे मेनूही मराठीत करता येतात, त्याचं मराठी भाषा-पॅकेज वेगळं बसवावं लागतं.

ऑफिसच्या जुन्या फाइलबद्दल मात्र सावध राहा. श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधून डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली पत्रं युनिकोड नाहीत. लिनक्सवर उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तोच फाँट त्या मशीनवर असेल तर वाचता येतात, छापता येतात, पण त्यात शोधता येत नाही आणि पुढे कुठे चिकटवता येत नाही. महत्त्वाच्या फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या. क्लार्कना रोज त्याच सॉफ्टवेअरमध्ये काम करावं लागत असेल, किंवा टॅली लागत असेल, तर ते एक मशीन विंडोजवरच ठेवा आणि त्याचं इंटरनेट काढून टाका. लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) हे चालवायचा प्रयत्न ऑफिसच्या कामासाठी टिकत नाही. ब्राउझरमध्ये चालणारी पोर्टलं, म्हणजे शाळांची माहिती भरायचं यू-डायस प्लस वगैरे, लिनक्सवरून भरता येतात. फक्त डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागत असेल तर त्याच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिलाय का ते आधी बघा.

राहिला प्रिंटर. तुमच्या प्रश्नात तो नाही, पण शाळांमध्ये बहुधा दोनच असतात, एचपी लेसरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९००, आणि लिनक्स टाकल्यावर पहिला फोन त्याबद्दलच येतो. १०२० च्या आत फर्मवेअर कायम राहत नाही, प्रिंटर चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. एचपीलिप हे एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर बसवून त्याचं प्लगइन उतरवलं की ते आपोआप होतं. हे प्लगइन आणि एचपीलिप यांची आवृत्ती एकच असावी लागते, म्हणून मोठं अपडेट झाल्यावर प्रिंटर अचानक गप्प झाला तर प्लगइन पुन्हा बसवा. एलबीपी २९०० जास्त हट्टी आहे. कॅननचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि ६४-बिट सिस्टिमवरही ३२-बिट लायब्ररी मागतो. तो प्रत्येक मशीनवर बसवत बसू नका. एका डेस्कटॉपवर एकदा नीट बसवा, कप्सच्या (लिनक्सची छपाईची व्यवस्था) सेटिंगमध्ये प्रिंटर शेअर करा, बाकीच्या लिनक्स मशीनना तो नेटवर्कवर आपोआप दिसेल.